आठ सेंटिमीटरचा बिट आणि शेवटचा खांब

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. टेलिफोनच्या तारेवरून मिळणारा वेग होता 9.6 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला 9,600 बिट. तारेतून संदेश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो असं धरा आणि भागाकार करून बघा. एक बिट जवळजवळ 21 किलोमीटर लांब भरतो. वाशिमहून निघालेल्या अशा बिटाचं डोकं शेजारच्या मालेगावात शिरलं तरी शेपूट वाशिमच्या वेशीतच असायचं. मोडेम एका ठोक्यात अनेक बिट बांधून पाठवायचा, तो तपशील सोडला तरी सरासरीचा हिशेब हाच. अर्थात वाशिमकरांच्या हे कानावरही नव्हतं. सेवा मोजक्या महानगरांपुरती होती आणि वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं. जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. देशातलं इंटरनेट वाशिम जिल्ह्यापेक्षा तीन वर्षांनी मोठं आहे.

आता आजचा हिशेब. घराघरांत येणारं फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीचं असतं. त्यात एक्स्चेंजमधला लेझर एका सेकंदात 248 कोटी 80 लाख बिट पाठवतो. काचेतही प्रकाशाचा वेग सेकंदाला दोन लाख किलोमीटरच, कारण काच प्रकाशाला एक तृतीयांशानं मंदावते. त्या वेगानं काचेत एका बिटाला जागा मिळते ती आठ सेंटिमीटर, चार बोटं आडवी ठेवली तेवढी. तीस वर्षांत बिट 2 लाख 59 हजार पट आखूड झाला.

असे बिट मुंबईहून वाशिमपर्यंत एकामागोमाग लावले तर? काचेचा मार्ग 600 किलोमीटरचा धरू आणि सगळीकडे हाच वेग आहे असं समजू. कोणत्याही क्षणी त्या काचेत 75 लाख बिट असतील. मुंबईतून निघालेले, वाशिमला अजून न पोचलेले. आठ बिटांचा एक बाइट होतो आणि संगणकात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे तीन लाखांवर अक्षरचिन्हं, छापलं तर दीड-पावणेदोनशे पानांचं पुस्तक. ते अख्खं पुस्तक वाटेत आहे, कुठेही साठवलेलं नाही, आणि तीन सहस्रांश सेकंदांत ते मुक्कामी पोचतंय. तुलनेला समृद्धी महामार्ग घ्या, तो वाशिम जिल्ह्यात कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. त्या 701 किलोमीटरच्या रस्त्यावर गाडीला आठ तास लागतात, काचेतल्या प्रकाशाला साडेतीन सहस्रांश सेकंद.

इतकं सगळं काचेत असताना पाटणी चौकातल्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाला प्रश्न मात्र साधाच पडतो: 40 एमबीपीएसचा प्लॅन घ्यावा, 100 चा की 300 चा? आणि कुणाचा? बीएसएनएलचा, जिओचा, एअरटेलचा की गल्लीतल्या केबलवाल्याचा? समोरचा म्हणतो, ‘‘भाऊ, शंभरचं घ्या ना, चाळीसनं काय होते?’’ चाळीसनं काय होतं, याचा हिशेब करण्यासारखा आहे.

एक ज्ञानेश्वरी, सहा वेग

मोजायला एखादं ओळखीचं माप हवं. ज्ञानेश्वरीत नऊ हजारांहून थोड्या अधिक ओव्या आहेत. आपण सरळ नऊ हजार धरू. एका ओवीला, मधल्या मोकळ्या जागा धरून, उदारपणे 80 चिन्हं देऊ. प्रत्येकी तीन बाइट. गुणाकार येतो 21 लाख 60 हजार बाइट, म्हणजे 1 कोटी 72 लाख 80 हजार बिट.

1995 च्या 9.6 केबीपीएसवर ही ज्ञानेश्वरी उतरायला बरोबर अर्धा तास लागला असता. 2004 च्या ब्रॉडबँड धोरणानं 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं, त्या वेगानं 68 सेकंद. 2013 मध्ये व्याख्या 512 केबीपीएस झाली आणि वेळ 34 सेकंदांवर आली. जानेवारी 2023 पासून सरकारी व्याख्येप्रमाणे किमान 2 एमबीपीएस हवेत, त्याला नऊ सेकंदही लागत नाहीत. 40 एमबीपीएसच्या लाइनवर 0.43 सेकंद. 100 च्या लाइनवर 0.17 सेकंद.

या उतरंडीत पहिल्या पायरीवर माणसाचा अर्धा तास वाचला. शेवटच्या पायरीवर, म्हणजे 40 सोडून 100 घेतल्यावर, वाचला तो जेमतेम पाव सेकंद. पापणी लवायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. वेगाचे आकडे पटीनं वाढतात, पण त्यातून मिळणारं सुख पटीनं वाढत नाही. प्लॅनच्या बोर्डावर हे कधी लिहिलेलं नसतं.

पुस्तक हलकं असतं, व्हिडिओ जड असतो, हे खरंच. पण व्हिडिओ काही भरभरून ओतायचा नसतो, बघायच्या वेगानंच तो यावा लागतो. नेटफ्लिक्स आपल्या सूचनांत फुल एचडीसाठी 5 एमबीपीएस आणि फोरकेसाठी 15 एमबीपीएस पुरेसे मानतं. रिसोडमधलं एखादं भरलं घर घ्या. आजी मोठ्या टीव्हीवर कीर्तन बघतायत, तिथे 5. मुलगी आतल्या खोलीत नीटचा ऑनलाइन तास करतेय, तिथे 3. तिघांच्या हातात मोबाइल आणि त्यावर रील, तिथे मिळून 8-9. बेरीज 17 च्या आसपास. 40 ची लाइन अर्धीही भरत नाही. 300 च्या लाइनमधले 283 रोज रात्री नुसते उभे राहतात आणि त्यांचं बिल मात्र येतं.

3,300 जीबीचं कोडं

मोठ्या कंपन्यांच्या फायबर प्लॅनवर ‘अनलिमिटेड’ असं लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत एक मर्यादा असते. बऱ्याच प्लॅनमध्ये ती महिन्याला 3,300 जीबी असते. ती संपली की वेग एकदम खाली उतरतो.

3,300 जीबी म्हणजे किती? एचडी व्हिडिओ तासाला साधारण 3 जीबी खातो. म्हणजे 1,100 तास. तीस दिवसांच्या महिन्यात तास असतात 720. टीव्ही पहिल्या तारखेला लावला आणि महिनाअखेरपर्यंत रात्रंदिवस बंदच केला नाही, तरी 1,140 जीबी शिल्लक उरतात. ज्या डोंगरापर्यंत घरातली माणसं बघून-बघून पोचूच शकत नाहीत, त्याला मर्यादा म्हणण्यात तसा अर्थ नाही.

हाच आकडा दुसऱ्या बाजूनं बघितला की उलटा दिसतो. 40 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 5 एमबी, तासाला 18 जीबी. लाइन सतत पूर्ण भरून वाहिली तर 3,300 जीबी संपायला साडेसात दिवस लागतात. 100 च्या लाइनवर तीन दिवस आणि वर तासभर. आणि चार हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या एक जीबीपीएसच्या प्लॅनवर? सेकंदाला 125 एमबी, तासाला 450 जीबी. महिन्याचा सगळा साठा 7 तास 20 मिनिटांत खलास. सकाळी नऊला सुरू केलं तर संध्याकाळच्या चहापर्यंत महिना संपला. इतक्या वेगाची लाइन पूर्ण वेगानं वापरायची सोय त्या प्लॅनमध्येच नाही. आणि ते ठीकही आहे, कारण कुणी तशी वापरत नाही.

एक गोष्ट मात्र हा डोंगर खरोखर पोखरते, ती म्हणजे कॅमेरे. शेतावरचं गोदाम, घराचं फाटक, दुकान आणि गोठा असे चार कॅमेरे लावले आणि प्रत्येक जण 2 एमबीपीएसनं सतत क्लाउडवर चित्रण पाठवत राहिला, तर मिळून 8 एमबीपीएस होतात. दिसायला हा आकडा किरकोळ. पण सेकंदाला 1 एमबी म्हणजे दिवसाला 86 जीबी आणि महिन्याला जवळजवळ 2,600 जीबी. घरातल्या पाच माणसांपेक्षा चार कॅमेरे भारी पडतात, कारण ते झोपत नाहीत. शिवाय हा सगळा डेटा वर चढणारा. त्यामुळे कॅमेरे लावणाऱ्यानं, सेतू केंद्र चालवणाऱ्यानं किंवा लग्नाचे व्हिडिओ क्लायंटला पाठवणाऱ्या फोटोग्राफरनं उतरणारा वेग विचारण्याआधी चढणारा वेग विचारावा. बोर्डावर मोठ्या अक्षरांत असतो तो बहुधा उतरणाराच.

एका काचेचे चौसष्ट वाटेकरी

आता जरा खांबाकडे बघू. एक्स्चेंजमधून निघालेली काच तुमच्या एकट्याच्या घरी येत नाही. वाटेत एखाद्या डब्यात स्प्लिटर असतो. तो एका प्रकाशाचे 32 किंवा 64 भाग करतो आणि तेवढी घरं एकाच काचेवर लागतात. जीपॉनची एकूण क्षमता 2,488 एमबीपीएस. 64 घरांनी प्रत्येकी 100 चा प्लॅन घेतला तर विकला गेला 6,400 एमबीपीएस. आहे त्याच्या अडीचपट माल विकलेला. सगळ्यांनी एकाच सेकंदाला हक्क सांगितला तर प्रत्येकाच्या वाट्याला 39 एमबीपीएससुद्धा पुरते येणार नाहीत.

यात फसवणूक नाही. पतसंस्थेत सगळ्यांच्या ठेवी असतात, पण सगळे ठेवीदार एकाच सकाळी पैसे काढायला येत नाहीत, या भरवशावर ती चालते. इथेही तसंच आहे. रात्री नऊला 64 पैकी 40 घरं एचडी टीव्ही बघत असली तरी मागणी 200 एमबीपीएसची. 2,488 पैकी आठ टक्के. ऐन गर्दीच्या वेळी काच 92 टक्के रिकामी.

मग रात्री नऊला चाक फिरत का राहतं? कारण अडचण स्प्लिटरच्या खाली नसते, वर असते. एखाद्या छोट्या सेवादात्याकडे 500 ग्राहक आहेत आणि त्यानं वरून घेतलेली लाइन 1 जीबीपीएसची आहे, असं उदाहरणापुरतं धरा. सगळे एकदम आले तर वाट्याला प्रत्येकी 2 एमबीपीएस. बरोबर तेवढेच, जेवढ्यांना 2023 पासून सरकार ब्रॉडबँड म्हणतं. त्याच्या बोर्डावरचा 100 खोटा नाही. पहाटे पाचला तो खराच मिळतो. म्हणून नेट घ्यायच्या आधी शेजारच्या घरात, त्याच कंपनीच्या लाइनवर, रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान स्पीड टेस्ट करून बघावी. तीही राउटरच्या शेजारी उभं राहून.

त्या टेस्टचाही एक आकडा आहे. 100 च्या लाइनवर 15 सेकंद चाललेली टेस्ट सुमारे 190 एमबी खाते. 2014 मध्ये भारतातला सरासरी मोबाइल ग्राहक महिन्याला साधारण 62 एमबी वापरत होता. म्हणजे आज नुसती लाइन तपासायला पंधरा सेकंदांत तेव्हाच्या माणसाचा तीन महिन्यांचा डेटा जातो. आता तो महिन्याला 20 जीबीहून जास्त वापरतो, तीनशे पटींहून अधिक.

जिल्ह्याची तहान आणि काचेची ताकद

इथे एक शंका येते. देशच इतका डेटा पिऊ लागला, तर वाशिमसारख्या जिल्ह्याला पुरेशी काच आहे का?

2011 च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या 11 लाख 97 हजार 160 होती. शंभरातले 82 जण खेड्यांत. समजा, तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येकानं महिन्याला 20 जीबी वापरले. एकूण होतात 2 कोटी 40 लाख जीबी. महिन्याच्या सेकंदांनी भागलं की सरासरी वेग येतो 74 जीबीपीएस. संध्याकाळची गर्दी म्हणून तिप्पट करा, 220 जीबीपीएस. अख्ख्या जिल्ह्याची भूक एवढीच.

आता ताकद बघू. लांब पल्ल्याच्या काचेत एकाच वेळी अनेक रंगांचे प्रकाश सोडतात. 80 रंग आणि प्रत्येकावर 100 जीबीपीएस, ही यंत्रणा आता नवी राहिलेली नाही. काचेच्या एका जोडीवर त्यातून 8,000 जीबीपीएस जातात. जिल्ह्याच्या गर्दीच्या वेळच्या भुकेच्या 36 पट. आणि प्रयोगशाळेतली गोष्ट तर वेगळीच आहे. 2025 मध्ये जपानच्या एनआयसीटी संस्थेनं सुमितोमो इलेक्ट्रिकच्या सोबतीनं 1,808 किलोमीटर लांबीवर सेकंदाला 1.02 पेटाबिट पाठवून दाखवले. एकावर पंधरा शून्यं. भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या दहाच्या शिडीवर या पायरीचं नाव ‘अंत्य’ आहे. त्यासाठी वापरलेल्या फायबरमध्ये 19 गाभे होते, पण बाहेरची जाडी नेहमीच्या फायबरइतकीच, 0.125 मिलिमीटर. हा वेग वाशिम जिल्ह्यातल्या माणशी वाटला तर प्रत्येकाला 850 एमबीपीएस मिळतील. एका धाग्यातून, सगळ्या जिल्ह्याला.

धागेही काही कमी घातलेले नाहीत. ग्रामपंचायतींना जोडण्याची योजना 2011 मध्ये मंजूर झाली आणि पुढे भारतनेट नावानं ओळखली जाऊ लागली. तिच्याखाली देशभर 6 लाख 90 हजार किलोमीटरहून अधिक फायबर केबल टाकून झाली आहे. पृथ्वीला सतरा वेढे बसतील एवढी. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमाचा खर्च 1,39,579 कोटी रुपये आहे. 2 लाख 64 हजार ग्रामपंचायतींनी त्याला नुसतं भागलं तर प्रत्येकीच्या नावावर 53 लाख रुपये येतात.

म्हणजे काच कमी नाही, प्रकाश कमी नाही, पैसाही नाही म्हणता येत नाही. जे कमी पडतं ते शेवटच्या दोन-तीनशे मीटरमध्ये, खांबापासून खाटेपर्यंत.

खांबापासून खाटेपर्यंत

जोडणी द्यायला येणारा मुलगा काय करतो ते नीट बघण्यासारखं असतं. तो पिवळ्या पॅचकॉर्डचं टोक एका हातात मावणाऱ्या मीटरला लावतो आणि खाली खांबावरच्या जोडीदाराला ओरडून सांगतो, ‘‘मायनस बावीस!’’ हा घरात पोचलेल्या प्रकाशाचा हिशेब. एक्स्चेंजमधून लेझर निघतो दोन-तीन मिलिवॅटचा. वाटेत चौसष्ट वाटे पडतात, जोड येतात, वळणं येतात. मायनस वीस असेल तर घरी पोचतो वॅटचा एक लाखावा भाग, नऊ वॅटच्या एलईडी बल्बच्या नऊ लाखांश. या मोजणीत आकडा तीननं खाली गेला की प्रकाश निम्मा होतो. मायनस सत्तावीसवर वॅटचा पाच लाखावा भाग उरतो आणि साध्या यंत्राची दृष्टी तिथेच संपते. मग डब्यावर ‘लॉस’पुढचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. म्हणून हा आकडा राउटरच्या पाठीवर पेनानं लिहून घ्यावा. पुढे कधी नेट रडायला लागलं आणि मीटरनं मायनस सव्वीस दाखवलं, तर दोष प्लॅनचा नाही. कुठेतरी काच वाकली आहे, बहुधा कपाटाच्या मागेच.

ज्या गाभ्यातून हा प्रकाश येतो तो नऊ मायक्रॉनचा असतो. एका मिलिमीटरात असे 111 गाभे शेजारी-शेजारी बसतील. केबल तुटली की ही नऊ मायक्रॉनची टोकं पुन्हा समोरासमोर आणायची असतात. खांबाखाली पोत्यावर बसून तो मुलगा काचेवरचं आवरण सोलतो, स्पिरिटनं पुसतो, टोक सरळ कापतो आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवतो. पडद्यावर दोन्ही टोकं दिसतात, ठिणगी पडते, काच वितळून काचेला चिकटते. एका जोडाला मिनिट-दोन मिनिटं लागतात. पण केबल 24 धाग्यांची असेल तर जोडही 24. त्याआधी तुटलं कुठे हे शोधायचं. जेसीबीच्या एका दातानं सेकंदात केलेलं काम निस्तरायला दुपार जाते. अकोल्याहून वाशिम-हिंगोलीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 161 असो की गावातली पाण्याची पाइपलाइन, खणणं थांबत नाही.

मग वीज. राउटर आणि फायबरचा डबा मिळून 12 वॅट खातात, महिन्याला साडेआठ-नऊ युनिट. खर्च नगण्य, पण वीज गेली की 1.02 पेटाबिटची काचसुद्धा आंधळी. तुमच्या घरी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस असला तरी खांबावरच्या किंवा गल्लीतल्या यंत्राला बॅटरी आहे का, हे विचारायला हवं. नसेल तर तुमचा यूपीएस फक्त दिवे लुकलुकवत ठेवेल.

शेवटचे दहा मीटर वायफायचे. राउटर हवेत सोडतो साधारण 0.1 वॅट. आतल्या खोलीत मोबाइलला त्यातला शंभर कोटीवा भाग मिळाला तरी तो मजेत चालतो. जाड मातीची भिंत, लोखंडी कपाट आणि टिनाचे पत्रे यांच्यापुढे मात्र त्याचं चालत नाही. 300 चा प्लॅन घेऊन राउटर देवघराच्या कोनाड्यात ठेवणाऱ्याला माडीवर 15 मिळतात. 40 चा घेऊन तो घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर टांगणाऱ्याला 35 मिळतात. टीव्ही जागेवरून हलत नसेल तर त्याला सरळ केबलच लावावी.

आणि आकाशातून?

ज्या वस्तीवर काच पोचलेली नाही, तिचं काय? यात वाशिमचं नाव अलीकडे गाजलं. 5 नोव्हेंबर 2025 रोजी महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि कंपनीच्या उपाध्यक्ष लॉरेन ड्रेयर यावेळी हजर होते. उपग्रहावरून इंटरनेट नेण्यासाठी ज्या दुर्गम आणि मागे राहिलेल्या भागांची नावं घेतली गेली, ती गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतले महाराष्ट्रातले चार जिल्हेही हेच.

उपग्रहाचंही गणित उंचीत आहे. जुन्या पद्धतीचे भूस्थिर उपग्रह 35,786 किलोमीटरवर असतात. तुमची विनंती वर जाऊन खाली, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली, अशा चार फेऱ्या. 1 लाख 43 हजार किलोमीटर. प्रकाशाच्या पूर्ण वेगानंही त्याला अर्धा सेकंद लागतो, म्हणून त्यावरून बोलताना दोघं एकमेकांवर बोलत राहतात. स्टारलिंकचे उपग्रह 550 किलोमीटरच्या आसपास फिरतात. चार फेऱ्यांचे 2,200 किलोमीटर, सात सहस्रांश सेकंद. प्रत्यक्षात यंत्रणेच्या विलंबानं ते कितीतरी वाढतात, तरी बोलणं तुटत नाही. पण खाली उतरल्याची किंमत असते. इतक्या खालचा उपग्रह एका जागी दिसत नाही. पाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास असलेला वाशिम जिल्हा, म्हणजे 70 किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद असा चौकोन, तो दहा सेकंदांत ओलांडतो. सतत कोणीतरी डोक्यावर असावं म्हणून असे आठ हजारांहून अधिक उपग्रह फिरते ठेवावे लागले आहेत. मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावर, जिथे खांबच नाही, तिथे हा मोठा आधार ठरू शकतो. पण दारात फायबर असताना आकाशाकडे बघण्याचं कारण नाही. वाशिम ते मुंबई आणि परत, काचेतून सहा सहस्रांश सेकंद. जमिनीवरची काच अजून आकाशाला मागे टाकते.

तर मग काय घ्यावं?

भरल्या घराला 30 ते 50 एमबीपीएस पुरतात. कॅमेरे, सेतू केंद्र किंवा घरून काम असेल तर 100, तेही चढणारा वेग बघून. त्यापुढचा आकडा हौसेचा. प्लॅन ठरवायला पाच मिनिटं पुरे. उरलेला वेळ सेवादाता ठरवण्यात घालवावा. प्रश्नही ठरलेले आहेत: गल्लीत गेल्या पावसाळ्यात लाइन किती दिवस बंद होती, तुटल्यावर माणूस कुठून येतो, खांबावर बॅटरी आहे का, रात्री नऊला शेजाऱ्याला किती मिळतात. उत्तरं दुकानात मिळत नाहीत, ओट्यावर मिळतात. आणि वर्षाचे पैसे भरले की सूट मिळते म्हणून पहिल्याच दिवशी वर्षाचे भरू नयेत. आधी एक महिना बघावा, जमल्यास पावसाळ्यातला.

हा आग्रह का, तर शेवटचा एक हिशेब. 40 सोडून 100 चा प्लॅन घेतला की प्रत्येक ज्ञानेश्वरीमागे 0.2592 सेकंद वाचतो. आणि केबल तुटून दुरुस्तीला कुणी आलंच नाही, तीन दिवस लाल दिवा लागून राहिला, तर जातात 2,59,200 सेकंद. वेगवान प्लॅननं हे नुकसान भरून काढायचं झालं तर ज्ञानेश्वरी किती वेळा उतरवावी लागेल? बरोबर दहा लाख वेळा.